नायट्राइलांपासून अमाइडे व अॅमिनो अम्ले

कार्बन व नायट्रोजन यांच्यात तिहेरी बंध असलेल्या नायट्राइलांचे जलीय विच्छेदन (पाण्याने रेणू फोडणे) दोन टप्प्यांत होते. पाण्याचा एक रेणू शिरला की अमाइड बनते. दुसरा शिरला की अमोनिया सुटून कार्बॉक्सिलिक अम्ल. अमाइड हवे असेल तर पहिल्या टप्प्यावर थांबायचे असते आणि सारी खुबी तिथेच आहे.

प्रयोगशाळेत त्यासाठी क्षारीय हायड्रोजन पेरॉक्साइड उत्तम. बेंझोनायट्राइलाचे तेलकट थेंब त्यात सुमारे ४०° से. तापमानाला हलवत ठेवले की ऑक्सिजनाचे बुडबुडे येतात, थेंब विरतात आणि बेंझामाइडाचे पांढरे स्फटिक दिसू लागतात. नुसत्या कॉस्टिक सोड्यात उकळायचे असेल, तर कंडेन्सरच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरावा. तो सुटणाऱ्या अमोनियाने निळा पडला की अमाइड हातचे निसटू लागले. बेताचे पाणी घातलेल्या संहत सल्फ्यूरिक अम्लातही अमाइडावर थांबता येते.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून कोयलीकडच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीच्या संकुलात (२००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन) नोकरीला जाणाऱ्या मराठी मंडळींना अॅक्रिलोनायट्राइल ओळखीचे. त्यापासून अॅक्रिलामाइड काढायला जगभर आधी सल्फ्यूरिक अम्ल, मग तांब्याचा उत्प्रेरक वापरत; १९८५ मध्ये जपानच्या निट्टो कंपनीने ऱ्होडोकॉकस जीवाणूतील नायट्राइल हायड्राटेज हे एंझाइम कारखान्यात आणले. ते पुढे अम्लाकडे जातच नाही, म्हणून ही पद्धत इतरांपेक्षा सरस. अॅक्रिलोनायट्राइलाला अमोनिया जोडून मग जलीय विच्छेदन केले, तर बीटा-अॅलनीन हे अॅमिनो अम्ल मिळते. बडोद्याच्या जीएसएफसी या खत कंपनीचे कॅप्रोलॅक्टम (नायलॉनचा कच्चा माल) हेही अमाइडच, पण ते नायट्राइलापासून नव्हे, तर सायक्लोहेक्झॅनोनाच्या ऑक्झाइमापासून येते. या यादीत ते बसत नाही.

अल्फा-अॅमिनो अम्लांची (प्रथिनांत असतात त्या प्रकारची) मूळ रीत जर्मन रसायनज्ञ आडोल्फ श्ट्रेकर यांची (१८५०). अॅसिटाल्डिहाइड, अमोनिया व हायड्रोजन सायनाइड यांपासून अॅमिनोनायट्राइल बनते. ते हायड्रोक्लोरिक अम्लात उकळले की अॅलनीन. इथे थांबायचे नसते, दोन्ही टप्पे पुरे करायचे असतात. अडचण वेगळीच: एक म्हणजे सायनाइडाचे विष, दुसरी म्हणजे डी आणि एल ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेली रूपे निम्मी-निम्मी मिळतात. प्रथिनांना लागते ते एल. ते वेगळे काढायला अॅसिलीकरण करून (अॅसिल गट जोडून) अॅमिनोअॅसायलेज एंझाइम वापरतात; ते तो गट फक्त एल रूपावरून काढते.

मेथिओनिन या गंधकयुक्त अॅमिनो अम्लाच्या उत्पादनात याच रीतीत अमोनियम कार्बोनेट घालून हायडँटॉइन हे वलयी संयुग बनवतात आणि त्याचे विच्छेदन करतात. कोंबडीखाद्यासाठी ते डीएल मिश्रणच चालते, कारण कोंबडीचे शरीर डी रूप स्वतःच एलमध्ये बदलून घेते.