आयकॉन सापडला नाही, पण नेमका कुणाला?

आयकॉनच्या जागी रिकामा चौकोन आणि कन्सोलमध्ये लाल ओळ. ओळीत 'मॉड्यूल' असतं, फाइलचं नाव असतं, 'फेल्ड' नाहीतर 'नॉट फाउंड' असतं. तेवढं वाचून आपण बंडलरचं (सगळा कोड जोडून ब्राउझरसाठी तयार करणाऱ्या साधनाचं) कॉन्फिग उघडतो आणि एलियास, एक्स्टेन्शन, लोडर असं दिसेल ते हलवत बसतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. बऱ्याचदा तो प्रकार आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा असतो.

लेझी लोड केलेला, म्हणजे गरज पडेल तेव्हाच आणला जाणारा आयकॉन 'सापडला नाही' ही तक्रार बंडलर आणि ब्राउझर या दोघांपैकी कुणाचीही असू शकते. बंडलर म्हणतो, तू सांगितलेली फाइल बिल्ड करताना मला मिळालीच नाही. ब्राउझर म्हणतो, तुकडा (चंक) तयार झाला असेल, पण मी आणायला गेलो तेव्हा सर्व्हरने दिला नाही. वेबपॅक या बंडलरमध्ये पहिलीचं रूप 'मॉड्यूल नॉट फाउंड: कान्ट रिझॉल्व्ह', दुसरीचं 'चंक लोड एरर'. व्हीट या दुसऱ्या बंडलरमध्ये (उच्चार जवळपास आपल्या विटेसारखाच) दुसरी तक्रार क्रोम 'फेल्ड टू फेच डायनॅमिकली इम्पोर्टेड मॉड्यूल' अशी मांडतो आणि सफारी 'इम्पोर्टिंग अ मॉड्यूल स्क्रिप्ट फेल्ड' अशी. एरर लॉगमध्ये ते दोन वेगळे बग वाटतात, पण बग एकच.

पाथ सरळ लिहिलेला असेल तर पहिली तक्रार निरुपद्रवी. बिल्ड फुटतो, तुम्हालाच दिसतो, पाच मिनिटांत मिटतो. अपवाद कॅपिटल-स्मॉलचा. एका प्रोजेक्टवर मी फाइलचं नाव 'Arrowleft'चं 'ArrowLeft' केलं, म्हणजे मधला एल मोठा केला. मॅकची डिस्क सहसा असा फरक मानत नाही आणि कोडचा इतिहास ठेवणारं गिटही तिथे तो नोंदवत नाही. त्यामुळे माझ्याकडे सगळं चालू, आणि लिनक्सवरच्या सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) बिल्ड लाल. शेवटी 'गिट एमव्ही'ने नाव बदललं तेव्हा सुटलं.

खरा घोळ पाथमध्ये व्हेरिएबल आलं की होतो. बंडलर बिल्डच्या वेळी तुमचा कोड चालवत नाही, फक्त वाचतो. 'आयकॉन्स फोल्डर, मग नेम, मग डॉट एसव्हीजी' असं लिहिलंत तर नेममध्ये काय येणार ते त्याला कळणं शक्य नाही. म्हणून वेबपॅक त्या साच्यात बसणाऱ्या सगळ्या फाइल्स उचलतो, प्रत्येकीचा चंक करतो आणि नावांची एक यादी जवळ ठेवतो. आता प्रॉपमध्ये (कंपोनंटला दिलेल्या नावात) 'ॲरो'मधला एक आर गळला, तरी बिल्ड हिरवा. एरर येते ती युजरच्या ब्राउझरमध्ये: 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल'. ब्राउझरमध्ये दिसली म्हणून आपण सर्व्हर, सीडीएन, कॅश तपासत सुटतो. पण ही तक्रार बंडलरचीच आहे, फक्त उशिरा पोचलेली. नेटवर्क टॅब उघडा: या आयकॉनसाठी रिक्वेस्ट गेलेलीच नसते. नाव यादीत नाही म्हटल्यावर वेबपॅक दारातूनच परत फिरतो.

व्हीटमध्ये मात्र एवढ्या खुणेवर विसंबू नका. त्याच्या नियमाप्रमाणे असा पाथ डॉट-स्लॅश किंवा डॉट-डॉट-स्लॅशने सुरू व्हावा लागतो, शेवटी एक्स्टेन्शन लागतं आणि व्हेरिएबल एकाच पातळीवरचं फाइलनाव धरतं, आतल्या फोल्डरचं नाही. अख्खा पाथच व्हेरिएबलमध्ये टाकलात तर तो 'कॅनॉट बी ॲनलाइज्ड' अशी वॉर्निंग देतो आणि ओळ आहे तशी सोडून देतो. डेव्ह सर्व्हरवर (आपल्याच मशीनवर काम करताना) मूळ फाइल जागेवर असते, म्हणून ते चालूनही जातं. बिल्डनंतर ती फाइल तिथे नसते. रिक्वेस्ट जाते, ४०४ ('फाइल नाही') येतो, आणि दोष तरीही पहिल्या प्रकारचाच. अशा वेळी मागितलेल्या फाइलचं नाव बघावं. नावाला हॅशची (बिल्डने जोडलेल्या अक्षर-अंकांची) शेपटी नसेल आणि शेवटी टीएसएक्स (मूळ कोडच्या फाइलचं एक्स्टेन्शन) असेल, तर ती फाइल बंडलरच्या हाताखालून गेलेलीच नाही.

कंपोनंट लायब्ररी लिहिणाऱ्यांनी तर व्हेरिएबलच्या वाटेला जाऊच नये, असं माझं मत आहे. लायब्ररी वापरणाऱ्याचा बंडलर कुठला असेल, तुम्हाला माहीत नसतं. त्यापेक्षा एक मॅप द्यावा: डावीकडे आयकॉनचं नाव, उजवीकडे सरळ पाथ इम्पोर्ट करणारं फंक्शन. लुसिड रिॲक्ट या आयकॉन लायब्ररीने हेच केलं आहे. त्याची किंमतही आहे. हजारावर आयकॉन म्हणजे हजारावर छोटे चंक, आणि बिल्ड रेंगाळतो. ॲपमध्ये ठरलेले तीसच आयकॉन असतील तर साधा इम्पोर्ट करा. काहीशे बाइट्सच्या एसव्हीजीसाठी वेगळी रिक्वेस्ट पाठवण्यात काही हशील नाही.

ब्राउझरच्या तक्रारीची गोष्ट निराळी. सकाळी उघडलेला टॅब तसाच आहे. दुपारी तुम्ही डिप्लॉय केलंत, हॅश बदलले, जुने चंक पुसले गेले. चार वाजता युजर मेनू उघडतो आणि जुना टॅब जुन्या नावाचा आयकॉन मागतो. वरून, सिंगल पेज ॲपचा सर्व्हर अनेकदा ४०४ऐवजी इंडेक्स एचटीएमएलच पुढे करतो, स्टेटस २००. नेटवर्क टॅबमध्ये सगळं आलबेल आणि कन्सोलमध्ये 'माइम टाइप टेक्स्ट-एचटीएमएल'ची रड. स्टेटसवर न जाता रिस्पॉन्स उघडून बघा. तिथे जावास्क्रिप्टऐवजी पानाचा डॉकटाइप दिसेल.

इथे बंडलरच्या पाथमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. जुने चंक काही दिवस सर्व्हरवर राहू द्यावेत, इंडेक्स एचटीएमएल कॅश होऊ देऊ नये. व्हीटमध्ये ४.४ पासून 'प्रीलोड एरर' हा इव्हेंट मिळतो; तो आला की पान रीलोड करता येतं. मात्र सेशन स्टोरेजमध्ये खूण ठेवून एकदाच, नाहीतर पान स्वतःभोवतीच फिरत बसेल. रिॲक्टमध्ये आणखी एक खोच: 'लेझी' फसलेला प्रॉमिसही (न आलेल्या फाइलचा निकालही) लक्षात ठेवतो, त्यामुळे तोच कंपोनंट पुन्हा रेंडर करून उपयोग नाही. आणि रिॲक्टचा सस्पेन्स फक्त वाट बघतो, एरर झेलत नाही. एरर बाउंड्री (एरर झेलणारा कंपोनंट) नसेल तर एका आयकॉनपायी अख्खं पान पांढरं.

एक मासला दोन्हींत बसत नाही. लुसिडचा 'फिंगरप्रिंट' आयकॉन काहींच्या डेव्ह सर्व्हरवर येईचना. फाइल होती, पाथ बरोबर, सर्व्हर द्यायला तयार. नेटवर्क टॅबमध्ये लिहिलेलं होतं 'ब्लॉक्ड बाय क्लायंट'. नावात फिंगरप्रिंट दिसलं म्हणून ॲड ब्लॉकरने ती ट्रॅकिंगची स्क्रिप्ट समजून दाबून टाकली होती.