दोन शून्यांतलं एक का उरतं?

सीबीएसईच्या अकरावीत कॉम्प्युटर सायन्स घेतलं की पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आलीच. बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या अशा कुठल्याही मुलाला विचारा, फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करवणारी रचना, कधी वापरायचा? उत्तर पाठ असतं: "किती वेळा करायचं ते माहीत असेल तर फॉर, नसेल तर व्हाइल." याला गुण मिळतात. पण पायथनचा फॉर काही मोजतच नाही. मोजणारा फॉर सी भाषेतला: आकडा कुठून सुरू, कुठवर, कितीने वाढवायचा, सगळं तिथे आपणच लिहायचं. आपल्या पुस्तकांत त्याचीच व्याख्या पायथनला चिकटवलेली दिसते.

याने काय बिघडतं? गणपतीच्या वर्गणीची यादी घ्या: ०, ०, ५०१, २५१. ज्यांनी काही दिलं नाही त्यांची शून्यं काढायची आहेत. मुलगा लिहितो, यादीतली प्रत्येक रक्कम घे, ती शून्य असेल तर यादीतून काढून टाक. प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि यादी उरते ०, ५०१, २५१. एक शून्य तसंच! "मोजणारा फॉर" डोक्यात असेल तर हे कोडं सुटत नाही.

फॉर दिसला की पायथन आधी यादीकडे एक इटरेटर मागतो. इटरेटरला एकच काम येतं: "पुढचं दे" म्हटलं की पुढची वस्तू द्यायची. वस्तू संपल्या की तो 'स्टॉप-इटरेशन' नावाचा इशारा देतो आणि फॉर थांबतो. किती वस्तू आहेत हे फॉरला शेवटपर्यंत ठाऊक नसतं, त्याची गरजही नसते. म्हणून तोच फॉर यादीवर चालतो, अक्षरांच्या माळेवर चालतो, फाइलच्या ओळींवर चालतो आणि कधीच न संपणाऱ्या मालिकेवरही चालतो. ही रचना पायथन २.२ मध्ये, २००१ साली आली. त्याआधी फॉर ०, १, २ असे क्रमांक देत वस्तू मागायचा आणि "एवढा क्रमांकच नाही" अशी एरर आली की थांबायचा.

आता यादीचा इटरेटर. पंगतीत एखादा वाढपी फक्त पाटाचा क्रमांक लक्षात ठेवून वाढतोय असं समजा. पहिल्या पाटावर वाढलं, तेवढ्यात तिथला माणूस उठून गेला आणि सगळे एकेक पाट पुढे सरकले. वाढपी मात्र निघाला दुसऱ्या पाटाकडे. मघाचा दुसरा आता पहिल्यावर बसलाय, तो उपाशी राहिला. आपलं दुसरं शून्य असंच सुटलं. इटरेटरकडे यादीची प्रत नसते, यादीचा पत्ता आणि एक क्रमांक एवढंच असतं.

शून्यं शेजारी-शेजारी नसती तर दोन्ही निघून गेली असती आणि चूक कळलीही नसती.

थोडं खोलात जाऊ. यादी स्वतः इटरेटर नाही. दर फॉरला ती नवा इटरेटर देते, म्हणून एकाच यादीवर एकात एक दोन लूप बिनघोर चालतात. उघडलेली फाइल मात्र स्वतःच स्वतःचा इटरेटर असते. तिच्यावर एकदा फॉर शेवटपर्यंत चालवलात की दुसऱ्या फॉरला काहीच मिळत नाही, कारण वाचायची जागा शेवटाला पोचलेली असते. मागितली की एकेक वस्तू तयार करून देणाऱ्या जनरेटरचंही तसंच. रेंज, म्हणजे ठरावीक पायरीने जाणाऱ्या आकड्यांची मालिका, दिसायला यांच्यासारखी आळशी, मागितल्याशिवाय आकडा बनवत नाही; पण जात यादीची: दरवेळी नवा इटरेटर. शंभर कोटींची रेंज केलीत तरी ती साठवते फक्त सुरुवात, शेवट आणि पायरी. नेहमीच्या ६४-बिट पायथनमध्ये ती वस्तू ४८ बाइटांत मावते.

जाता जाता. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये यादीला देवनागरीत 'वर्गणी' असं नाव देता येतं, फॉर आणि इन हे पायथनचे स्वतःचे शब्द तेवढे रोमन लिपीत लागतात. हे सांगितलं की कुणीतरी तो फॉरवर्ड पाठवतोच: संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा, नासाचं प्रमाणपत्र! त्याचं मूळ रिक ब्रिग्ज या नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधकाच्या १९८५ च्या लेखात आहे. वाक्याचा अर्थ यंत्रात कसा मांडावा आणि संस्कृत व्याकरणकारांची पद्धत त्याच्याशी कशी जुळते, हा त्याचा विषय. संस्कृतात प्रोग्रॅम लिहा असं त्यात नाही, आणि एका संशोधकाचा लेख म्हणजे नासाचा ठराव नव्हे.

वर्गणीचा उपाय सोपा आहे. यादीच्या प्रतीवर फॉर चालवा आणि मूळ यादीतून काढा, किंवा शून्य नसलेल्या रकमांची नवी यादीच करा. मी दुसरा मार्ग घेतो, एका ओळीत होतो. यादीऐवजी नाव आणि रक्कम अशा जोड्यांची डिक्शनरी असती तर ही वेळच आली नसती: फॉर चालू असताना तिच्यातलं काही काढलंत की पुढच्या फेरीला पायथन एरर देऊन थांबतो. यादीच्या बाबतीत तो गप्प राहतो. ही गप्प राहण्याची सवय मला पायथनची सर्वांत वाईट खोड वाटते.