‘आलिमा’ म्हणजे नेमकं किती शिकलेली? मुलींच्या दीनी तालीमची पार्श्वभूमी

मागच्या वीसेक वर्षांत आमच्या नागपूरच्या मोमिनपुऱ्याकडे लग्नाच्या बायोडाटात एक शब्द दिसायला लागला, आलिमा, म्हणजे मदरशातून दीनी तालीम (धार्मिक शिक्षण) पुरी केलेली. आधी ‘कुरआन शरीफ मुकम्मल (पूर्ण वाचून झालं), दहावी पास, शिवणकाम येते’ एवढंच असायचं. आता ‘आलिमा, बारावी’ किंवा नुसतंच ‘आलिमा’. हे वाचून मुलाकडचे खूश होतात आणि कॉलेजचा क्लार्क गोंधळतो, कारण त्याच्या फॉर्ममध्ये असला कॉलमच नाही. हा गोंधळ कुठून आला ते सांगायचंय.

लांबचा इतिहास भराभर उरकते. हजरत आयशा, म्हणजे पैगंबरांच्या पत्नी, यांच्याकडून दोन हजारांवर हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) आल्यात आणि मोठमोठे सहाबी (पैगंबरांचे साथीदार) त्यांना मसले (धर्माचे प्रश्न) विचारायला जायचे, हे मदरशातल्या प्रत्येक मुलीला पाठ असतं. त्यानंतरही कित्येक शतकं बायका हदीसची सनद (शिकल्याचा दाखला) द्यायच्या, पुरुषांनासुद्धा. मग मधे ते कमी कमी होत गेलं, आणि आपल्याकडे अठराव्या शतकात लखनौला जो मदरशांचा दर्स-ए-निज़ामी अभ्यासक्रम बसला तो मुलांचाच. मुलींना उरलं घर. चार वर्षं चार महिने चार दिवसांची झाली की बिस्मिल्लाह (शिकण्याची सुरुवात), मग गल्लीतल्या उस्तानीजींकडे (शिकवणाऱ्या बाईंकडे) कायदा, म्हणजे अरबी अक्षरांचं पुस्तक, मग पारे, म्हणजे कुरआनचे भाग, शेवटी कुरआन पूर्ण झाल्याची आमीन आणि मिठाई. अरबी वाचता यायचं, अर्थ नाही. लिहिण्याचं तर विचारूच नका. एकोणिसाव्या शतकात चांगल्या चांगल्या घरांत वाद होता की पोरीला वाचायला शिकवा पण लिहायला नको, लिहायला आलं की चिठ्ठ्या लिहील. गंमत बघा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका आलिमांनी (धर्मपंडितांनी) बायकांसाठी उर्दूत जे जाडजूड पुस्तक लिहिलं आणि जे आजही नवरीच्या सामानात जातं, त्यात वज़ू (नमाज़आधी हातपाय धुणं), नमाज़च्या मसल्यांसोबत पत्र कसं लिहायचं तेही शिकवलंय.

कामठी नागपूरचे मोमीन विणकर अवधकडून, आझमगडकडून आले, बरेचसे १८५७ च्या आगेमागे, आणि येताना ही सगळी पद्धत गाठोड्यात बांधूनच आणली असं म्हणायला हरकत नाही. माझ्या नानीपर्यंत तेच चाललं.

मुलींचा वेगळा मदरसा ही तशी अलीकडची गोष्ट. मालेगाव, रामपूर इथले मोठे मदरसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, पण खरी वाढ १९८५ नंतरची. का? तलाकशुदा बाईच्या पोटगीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच वर्षी आला, १९८६ मधे नवा कायदा आला, आणि घराघरात शरीयत काय म्हणते यावर बोलणं सुरू झालं. सांगणारे सगळे पुरुष, ज्यांच्याबद्दल चाललंय त्या स्वयंपाकघरात. हे काही जणींना खटकलं, असं मी मानते. दुसरं कारण साधं आहे, लेकीला सातवीनंतर लांबच्या शाळेत बसनं पाठवायला घरचे तयार नव्हते आणि १९९२ च्या दंगलींनंतर तर अजिबातच नाही, मोहल्ल्यातला मदरसा मात्र चालायचा. सुरुवातीला हदीस शिकवायला बाईच नव्हती म्हणून मौलाना पडद्यामागून किंवा माइकवरून शिकवायचे. मग पहिल्या बॅचमधल्या मुलीच आपा (शिक्षिका) झाल्या आणि शिकवू लागल्या.

आता मुख्य भानगड. मुलांचा आलिम कोर्स साधारण आठ वर्षांचा. मुलींचा बहुतेक ठिकाणी पाच, कुठे सहा, कुठे तीनच. मन्तिक (तर्कशास्त्र), फलसफा (तत्त्वज्ञान) असले विषय काढून टाकले, फिक्ह (धार्मिक कायदेशास्त्र) कमी केला, त्या जागी शिवणकाम, घरकाम आलं. पण शेवटी बुखारी शरीफ या हदीसच्या ग्रंथाचा शेवटचा दर्स (पाठ) होतोच, रडारड होते, मुलांची दस्तारबंदी (पगडी बांधणं) तशी मुलींची रिदापोशी, डोक्यावर ओढणी घालतात आणि ती झाली आलिमा. शब्द तोच, कोर्स छोटा. वरून एकेक वर्षाचे मोअल्लिमा, मोमिना कोर्स, आणि कोरोनानंतर झूमवर चालणारे, त्यांतलेही काही ‘आलिमा’च म्हणवतात. म्हणजे पहाटे चारला उठून पाच वर्षं हॉस्टेलमधे सर्फ-नह्व (अरबी व्याकरण) घोकलेली पोरगी आणि स्वयंपाक करता करता इयरफोनवर ऐकलेली बाई, दोघींचं पाटीवर एकच नाव. मी ऑनलाइनवाल्यांना हसत नाहीये, माझी तजवीद (कुरआनचे शुद्ध उच्चार) तिथंच सुधारली, पण फरक तर आहे ना.

त्यात यूपी. तिथे सरकारी मदरसा बोर्ड आहे आणि त्या बोर्डात ‘आलिम’ म्हणजे बारावीच्या बरोबरीची परीक्षा, त्याच्या वर २०२४ पर्यंत कामिल आणि फाज़िल. महाराष्ट्रात असं बोर्डच नाही, इथली आलिमा कागदावर कशाच्याच बरोबर नाही. इथे नागपूरकर म्हणून मला नेहमी एक वाटतं. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रांताची, नंतर मध्य प्रदेशची राजधानी होतो, तसेच राहिलो असतो तर १९९८ पासून आपल्याला एमपीचं मदरसा बोर्ड मिळालं असतं. त्यानं फार काही झालं असतं असं नाही म्हणत, पण मार्कशीट तरी राहिली असती. ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं यूपीचा २००४ चा मदरसा कायदा वैध ठरवला पण कामिल-फाज़िल या पदव्या देण्याचा अधिकार काढला, कारण पदवी देणं यूजीसी कायद्याखाली येतं. त्या संध्याकाळी आमच्या बायकांच्या ग्रुपवर ‘आलिमाची डिग्री रद्द’ असं फिरून राहिलं होतं. अरे, जी कधी डिग्री नव्हतीच ती रद्द कशी होईल? पण समजावून सांगणार कोण, शब्दच असा की प्रत्येक जण आपापला अर्थ घेऊन बसलाय.

२०१५ चं तर विचारूच नका. जुलैमधे राज्य सरकारनं म्हटलं की जे मदरसे गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवत नाहीत तिथली पोरं शाळाबाह्य धरायची, आणि ४ जुलैला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. इकडे केंद्राच्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ ला दुरुस्ती होऊन मदरसे आणि वेदपाठशाळा त्यातून वगळलेल्या. टीव्हीवर दोन्हीकडचे भांडत राहिले. सरकारचं गणित-विज्ञानाचं म्हणणं चूक नव्हतं, पण ‘शाळाबाह्य’ हा शब्द वीटभट्टीवरच्या पोरांसाठी वापरतात, तो किताब घेऊन बसलेल्या मुलीला चिकटवला हे झोंबलंच. शिवाय केंद्राच्या समितीनं २००६ लाच लिहून ठेवलं होतं की शाळेच्या वयाची जेमतेम ३ टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात, लोक मकतब (शाळेबाहेरच्या वेळातला कुरआनचा वर्ग) आणि मदरशात गल्लत करतात. सकाळी उर्दू शाळा आणि संध्याकाळी मकतब करणारी मुलगी दोन्हीकडे असते, शाळाबाह्य कशी?

वाट मुलींनीच काढली म्हणा. आलिमा झाल्यावर बऱ्याच जणी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बारावी बाहेरून देतात, काही जणी अलीगढ किंवा हैदराबादच्या विद्यापीठात जातात, तिथे ठरावीक मदरशांची सनद ॲडमिशनला चालते. ज्या मदरशाची सनद त्या यादीत नाही तिथली मुलगी अडकते, आणि ॲडमिशन घेताना यादी बघायची हे कोणी सांगत नाही.

मदरशांत सरकारी विषय यावेत म्हणून राज्याची २०१३ पासून योजना आहे. ऑक्टोबर २०२४ ला त्यातल्या डीएड शिक्षकांचं मानधन ६ हजारावरून १६ हजार आणि बीएडचं ८ वरून १८ हजार करायचं ठरलं. ते गणित, विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी. बाजूच्या खोलीत हदीस शिकवणारी आलिमा आपा त्या योजनेत बसत नाही, तिला कमिटी जे देईल ते.