पोस्टात खातं आहे, पण कोणतं? क्रेडिट कार्डाचं बिल भरण्याआधी एवढं बघा

"माझं पोस्टात खातं आहे, त्यातून क्रेडिट कार्डाचं बिल भरता येईल का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. आधी उलट विचारावं लागतं: कोणतं खातं? कारण त्याच लाल पाटीखाली, त्याच खिडकीत आणि बहुतेक गावांत त्याच माणसाच्या हातून दोन वेगळ्या बँका चालतात. बिल भरण्याच्या बाबतीत त्या दोघींचे रस्ते पार वेगळे आहेत.

पहिली म्हणजे पोस्ट ऑफिस बचत बँक. १८८२ पासूनची. आजोबांचं पासबुक, आरडी, मुलीच्या नावाची सुकन्या, निवृत्तीनंतरचं एमआयएस (दरमहा व्याज देणारी योजना) हा सगळा संसार तिचा. लोक तिला बँक म्हणतात, पण ती रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालत नाही. योजना अर्थ मंत्रालयाच्या, त्या टपाल खातं चालवतं आणि ठेवीला थेट केंद्र सरकारची हमी. बचत खात्यावर वर्षाला चार टक्के व्याज, किमान शिल्लक ५०० रुपये. वर कितीही ठेवा, मर्यादा नाही.

दुसरी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, म्हणजे आयपीपीबी. जानेवारी २०१७ मध्ये रांची आणि रायपूरला तिची चाचणी झाली आणि १ सप्टेंबर २०१८ ला ती देशभर सुरू झाली. मालकी पूर्ण सरकारचीच, पण ही रीतसर कंपनी आहे आणि तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे. परवाना 'पेमेंट्स बँके'चा असल्यामुळे तिला कर्ज देता येत नाही, स्वतःचं क्रेडिट कार्डही काढता येत नाही. दिवस संपताना खात्यात दोन लाखांच्या वर रक्कम ठेवता येत नाही. एप्रिल २०२१ पर्यंत ही मर्यादा एकच लाख होती. व्याजाचा दर बचत बँकेपेक्षा बराच कमी. थोडक्यात, ही बँक पैसे साठवायला नाही, हलवायला काढलेली आहे.

आता गोंधळ का होतो? दोष लोकांचा नाही. गावातलं शाखा डाकघर म्हणजे अनेकदा एखाद्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक वजनकाटा, शिक्का आणि ब्रांच पोस्टमास्तर म्हणून काम करणारे ग्रामीण डाक सेवक. आरडीचा हप्ता तेच घेतात आणि बोटाचा ठसा घेऊन आयपीपीबीचे पैसेही तेच देतात. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण'साठी आधारला जोडलेलं खातं हवं म्हणून महाराष्ट्रात बायकांनी पोस्टासमोर रांगा लावल्या, तेव्हा उघडलेली कितीतरी खाती आयपीपीबीची होती. घरी मात्र सगळ्याच सांगतात, "पोस्टात खातं काढलं." सासूचं पासबुक बचत बँकेचं, सुनेचं खातं पेमेंट्स बँकेचं आणि दोघींच्या तोंडी शब्द एकच.

ओळखायचं कसं? खातं उघडताना कागदी फॉर्म भरून फोटो चिकटवला असेल आणि हातात छापील पासबुक आलं असेल, तर ते बहुधा बचत बँकेचं. आधार नंबर, ठसा आणि मोबाइलवरचा ओटीपी एवढ्यावर काम झालं असेल आणि क्यूआर कोडचं कार्ड मिळालं असेल, तर आयपीपीबीचं. तरीही शंका राहिली तर आयएफएससी, म्हणजे पैसे पाठवताना लागणारा बँकेचा कोड, बघा. बचत बँकेचा कोड अख्ख्या देशाला एकच आहे: आयपीओएस, मग चार शून्यं आणि शेवटी डीओपी. आयपीपीबीचाही एकच: आयपीओएस, मग सहा शून्यं आणि एक. सुरुवात सारखी असल्यामुळे घाईत लिहिणारा इथेच चुकतो. चुकीच्या कोडवर पाठवलेले पैसे परत आले तर नशीब समजायचं, तोवर बिलाची तारीख उलटून गेलेली असते.

आता मूळ प्रश्न, बिलाचा.

आयपीपीबीच्या खात्यातून बिल भरायचं तर रस्ता भारत बिल पेमेंट प्रणालीचा. हिचं नाव आता भारत कनेक्ट झालं आहे. वीजबिल, मोबाइल रिचार्ज, गॅस ज्या मार्गाने भरतो तोच हा मार्ग. क्रेडिट कार्डाची बिलं ॲपमधून भरायची तर ती याच प्रणालीतून गेली पाहिजेत, असं रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०२४ पासून केलं. ॲपमध्ये बिलांच्या प्रकारांत क्रेडिट कार्ड निवडायचं आणि कार्ड देणारी बँक शोधायची. मग कार्डाला जोडलेला मोबाइल नंबर आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे, एवढंच विचारलं जातं. बिल समोर येतं: एकूण किती, किमान किती, शेवटची तारीख कोणती. रक्कम घालून होकार दिला की पावतीचा नंबर मिळतो. खात्याला यूपीआय जोडलं असेल तर दुसऱ्या कुठल्याही यूपीआय ॲपमधूनही हेच करता येतं.

त्या चार आकड्यांकडे जरा लक्ष द्या. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि कुणाला तरी फोन देऊन "तेवढं बिल भर रे" म्हणायची सवय असते. या रस्त्यात पूर्ण कार्ड नंबर कुणाला दाखवावाच लागत नाही. मागचा तीन आकडी सीव्हीव्ही तर बिल भरताना कधीच लागत नाही. तो मागणारा माणूस बिल भरत नाहीये, दुसरंच काही करतोय.

बचत बँकेच्या खात्यातून जायचं तर रस्ता नेफ्टचा, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेच्या खात्यात पैसे पाठवायच्या सोयीचा. बचत बँकेला नेफ्ट आणि आरटीजीएसची सोय मिळाली ती थेट मे २०२२ मध्ये. तोवर या खात्यातून बाहेरच्या बँकेत पैसे पाठवायची धड सोयच नव्हती. नेफ्टने कार्डाचं बिल भरताना बऱ्याच बँकांमध्ये कार्डाचा पूर्ण नंबर हाच 'खाते क्रमांक' धरतात आणि कार्ड विभागाचा खास आयएफएससी घालतात. हा कोड कार्डाच्या मासिक स्टेटमेंटवर किंवा बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो. गावातल्या शाखेचा कोड इथे चालेलच असं नाही. टपाल खात्याचं इंटरनेट बँकिंग सुरू केलं असेल तर हे घरी बसून होतं. नाहीतर फॉर्म भरायला गावच्या शाखा डाकघरात नाही, उपडाकघरात जावं लागतं, म्हणजे एसटीने मोठ्या गावी किंवा तालुक्याला. काउंटरवरून दहा हजारांपर्यंतच्या नेफ्टला कमाल अडीच रुपये आणि वर जीएसटी अशी रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा आहे. तिकिटालाच त्याहून कितीतरी जास्त जातात.

नेफ्टमध्ये बिल 'समोर येत' नाही. तुम्ही कागदावर आकडे लिहिता, कारकून ते संगणकात भरतो, पैसे त्या नंबरकडे निघतात. सोळा आकड्यांत एक इकडचा तिकडे झाला तर पैसे अडकतात. म्हणून फॉर्म भरताना चार-चारचे गट पाडून लिहा आणि खिडकीतच कारकुनाला परत वाचून दाखवायला सांगा. मागचे लोक कुरकुरले तर कुरकुरू द्या.

वेळेचंही गणित आहे. डिसेंबर २०१९ पासून नेफ्ट चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं, दर अर्ध्या तासाला एक तुकडी निघते. पण पैसे बँकेत पोचणं आणि ते कार्डाच्या हिशोबात जमा दिसणं यात वेळ जाऊ शकतो. शिवाय उपडाकघराची खिडकी काही चोवीस तास उघडी नसते. या रस्त्याने जायचं असेल तर तारखेच्या तीन-चार दिवस आधी निघा. शेवटच्या दिवसासाठी तो रस्ताच नाही.

उशिराची किंमत काय, हेही इथेच सांगतो, कारण गावाकडे पहिलं कार्ड घेणाऱ्यांना ती कुणी नीट सांगत नाही. तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो दंडापुरता. व्याजाची गोष्ट वेगळी. पूर्ण बिल न भरता फक्त 'किमान रक्कम' भरली, तर उरलेल्यावर बऱ्याच कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. १२,००० रुपये मागे राहिले तर महिन्याचे ४२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. तेच १२,००० बचत बँकेत असतील तर चार टक्क्यांनी महिन्याला ४० रुपये पडतात. पासबुकात पैसे शिल्लक ठेवून कार्डाचं किमान भरणारी माणसं मी पाहिली आहेत. "पोस्टातल्या पैशाला हात नको" ही शिकवण आरडीला लावा, कार्डाच्या बिलाला नको.

यावर मला पटलेला तोडगा असा: साठवण बचत बँकेत आणि बिलापुरते पैसे आयपीपीबीत. ही दोन्ही खाती एकमेकांना जोडता येतात. जोडल्यावर आयपीपीबीतली दोन लाखांच्या वरची रक्कम आपोआप बचत बँकेकडे वळते आणि गरज पडली तर ॲपमधून तिकडचे पैसे इकडे आणता येतात. आरडीचा, सुकन्याचा, पीपीएफचा हप्ताही त्याच ॲपमधून जातो. जोडणी एकदाच करावी लागते, पण ती न करता दोन्ही खाती वर्षानुवर्षं वापरणारे बरेच आहेत. ॲपवरून घरबसल्या आयपीपीबीचं डिजिटल खातं उघडलं असेल, तर बारा महिन्यांच्या आत ठसा देऊन केवायसी पूर्ण करा, नाहीतर ते बंद होतं.

स्मार्टफोन नसेल तर? पोस्टमनकडे किंवा शाखा डाकघरात रोख देऊन आधी आपल्या आयपीपीबी खात्यात जमा करायची, मग त्यांच्याच यंत्रावरून ठशाने बिल भरायचं. आपल्या कार्डाची बँक यादीत आहे का, हे रोख देण्याआधी विचारून घ्या. पोस्टमनला घरी बोलावलं तर १ ऑगस्ट २०२१ पासून प्रत्येक सेवेला वीस रुपये आणि जीएसटी लागतो. ठशाची अडचण मात्र खरी. भातलावणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत बोटांची कातडी अशी झिजलेली असते की यंत्र ठसा घेतच नाही. मग हात धुऊन, पुसून, अंगठ्याऐवजी मधलं बोट ठेवून बघायचं. कुठलंही बोट चालतं, अंगठाच हवा असं नाही, हे कित्येकांना ठाऊक नसतं. बिल भरल्यावर मोबाइलवर मेसेज आल्याशिवाय आणि पावतीचा नंबर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

यूपीआय ॲपमध्ये खातं जोडताना एक फजिती वारंवार होते. बँकांच्या यादीत इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक दिसते, बचत बँकेचा खातेदार तीच आपली समजून निवडतो आणि ॲप म्हणतं, या नंबरवर खातं सापडलं नाही. मग तो मोबाइल नंबर बदलायला पोस्टात जातो. नंबर ठीकच असतो, बँक दुसरी असते.

गावात 'क्रेडिट कार्ड' म्हटलं की निम्म्या लोकांच्या मनात किसान क्रेडिट कार्ड असतं. ते पीककर्जाचं खातं आहे. त्याला दरमहा बिल येत नाही, किमान रक्कम नसते, आणि परतफेड त्या कर्जखात्यात, संबंधित बँकेच्या शाखेत किंवा सोसायटीमार्फत होते. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. तिथे मुदतीचं महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. बिलांच्या यादीत 'क्रेडिट कार्ड'खाली ते शोधत बसू नका.

"पॅन जोडलं नाही तर पोस्टाचं खातं २४ तासांत बंद" असे मेसेज अधूनमधून फिरतात. सरकारच्या फॅक्ट चेकने ते खोटे म्हणून जाहीर केले आहेत. लिंक उघडू नका, विचारायचं असेल तर आयपीपीबीचा नंबर १५५२९९ आहे.

पैसे कापले गेले पण बिलात दिसले नाहीत, तर दोन बँकांचा फरक पुन्हा आडवा येतो. आयपीपीबीच्या बिलाला भारत कनेक्टचा व्यवहार क्रमांक असतो. तो घेऊन आधी बँकेकडे तक्रार करा, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. बचत बँकेच्या नेफ्टला यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक, असतो. तो उपडाकघरातून मागून घ्या आणि सगळ्यात आधी कार्डवाल्या बँकेला कळवा, कारण पैसे बहुधा तिच्याच दारात पडलेले असतात. तिथे नाही म्हणाले तर तक्रार टपाल खात्याकडे, १८०० २६६ ६८६८ वर किंवा केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर. फॉर्मची शिक्का मारलेली प्रत तोवर फेकू नका. यूटीआर नसेल तर दोन्हीकडचे लोक तुम्हाला एकमेकांकडे पाठवत राहतील.