थकीत ई-चलान आणि अडकलेली आरसी : पार्श्वभूमी
चलान थकलं की ‘आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) सस्पेंड झाली’ असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात ते निलंबन नसतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५३ नोंदणी निलंबित करतं ते गाडी धोकादायक असेल किंवा परमिटशिवाय भाड्याने चालवली असेल तर. परवाना रद्द करण्याच्या कलम १९ मध्येही थकबाकी हे कारण नाही.

कागदी पावतीच्या काळात वसुलीसाठी आरसी अडवायची गरजही नव्हती. हवालदार परवानाच ठेवून घेई. पैसे भरा, घेऊन जा. कॅमेऱ्याच्या हाती मात्र नंबर प्लेटशिवाय काहीच लागत नाही. मुंबईत २०१६ मध्ये ई-चलान आलं, पुढे राज्यभर पसरलं आणि न भरलेल्या चलानांचा ढीग साचला. सप्टेंबर २०१९ पासून केंद्राने दरही वाढवले. महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१ मध्ये लावले.

वसुलीचा नवा आधार म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ऑक्टोबर २०२० पासूनचा नियम १६७. त्यातली मुदत उलटली की ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत गाडीपुढे ‘व्यवहार करू नये’ असा शेरा पडू शकतो. मग मालकी हस्तांतर, ना हरकत दाखला, कर्जाचा बोजा उतरवणं अशी कामं अडतात.

खरा घोळ ‘दंड’ या शब्दात आहे. चलानावरची रक्कम दंड नव्हेच, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालचं तडजोड शुल्क, म्हणजे खटला टाळण्यासाठी भरायची रक्कम. दंड ठोठावतं ते न्यायालय. शुल्क न भरणाऱ्याने तडजोड नाकारली, एवढंच. पुढे खटला भरायला हवा. निव्वळ दंडाच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत ६ महिने (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४). खटला भरलाच नाही तरी शेरा मात्र आपोआप उतरत नाही. निकालाआधीच शिक्षा, हा आक्षेप इथूनच येतो आणि तो पोकळ नाही.

ई-चलान निघतं ते गाडीच्या नंबरवर, चालवणाऱ्याच्या नावावर नव्हे. त्यामुळे गाडी विकून फॉर्म २९ (विक्रीची खबर) न देणाऱ्या जुन्या मालकाच्या नावावर चलानं जमत राहतात. ही खबर १४ दिवसांत द्यायची असते. आरसीला जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल तर संदेशही पोचत नाही आणि चलानांचा पत्ता लागतो तो थेट हस्तांतराच्या अर्जावेळी. लोकअदालतीत रक्कम कमी होते, म्हणून भरायची तयारी असलेलेही तारखेची वाट पाहत थांबतात.