बाजू घेणारे रेणू

दक्षिणावर्ती शंखाला भाव येतो तो दुर्मीळपणामुळे. पूजेतले बाकी शंख एकाच बाजूला वळलेले. उलट वळणाचा एखादाच सापडतो. (गंमत म्हणजे आपण ज्याला दक्षिणावर्ती म्हणतो, त्याला प्राणिशास्त्र डाव्या वळणाचा म्हणते. शंख कसा धरून पाहायचा, एवढाच काय तो फरक!) सजीवांमधल्या रेणूंची तऱ्हा अशीच आहे. प्रथिने बांधणारी अमिनो आम्ले, एक ग्लायसीन सोडले तर, सगळी 'डावी'. डीएनएमधली शर्करा 'उजवी'.

डावा आणि उजवा रेणू म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. अणू तेच, जोडणी तीच, पण डाव्या हातात उजवा हातमोजा बसत नाही तसे हे एकमेकांवर बसत नाहीत. नाकाला हा फरक कळतो. पुदिन्यातला कार्व्होन आणि बाळंतशेपांतला कार्व्होन ही अशीच जोडी आहे, आणि दोन्हींचे वास किती वेगळे! १८४८ साली पंचविशीतल्या लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने वेगळे केले. त्यांची द्रावणे प्रकाशाचे ध्रुवण (म्हणजे त्याची लहर ज्या दिशेत कंप पावते ती दिशा) विरुद्ध बाजूंना फिरवतात हे त्याने दाखवले, आणि रेणूंचा डावे-उजवेपणा प्रथम हाती लागला.

अवकाशात जीवसृष्टी शोधणाऱ्यांना हा फरक हवासा वाटतो, कारण नुसते सेंद्रिय रेणू सापडून फारसे काही सिद्ध होत नाही. ताऱ्या-ताऱ्यांच्या मधल्या वायूत आणि धुळीत तीनशेहून अधिक प्रकारचे रेणू ओळखले गेले आहेत. आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या सॅजिटेरियस बी२ या मेघात तर चक्क अल्कोहोलही आहे. याच मेघात २०१६ साली प्रॉपिलीन ऑक्साइड सापडले. डावा-उजवा भेद असलेला, ताऱ्यांमधल्या अवकाशात मिळालेला हा पहिला रेणू. पण तो डावा की उजवा, हे काही त्या निरीक्षणांतून कळले नाही. रेणू ज्यांवरून ओळखतात त्या रेडिओ लहरींतल्या खुणा, म्हणजे वर्णरेषा, दोघांच्या अगदी एकाच जागी येतात.

इथे वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश कामाला येतो. प्रकाश ही लहर. तिच्यातले विद्युतक्षेत्र एकाच रेषेत वरखाली होत असेल, तर ते रेषीय ध्रुवण. तेच क्षेत्र पुढे जाता जाता मळसूत्रासारखे फिरत असेल, तर ते वर्तुळाकार. मळसूत्र डावे किंवा उजवे असते, म्हणजे या प्रकाशालाही हात असतो! डावा रेणू डाव्या आणि उजव्या प्रकाशाला सारखी वागणूक देत नाही. एकाला जरा जास्त शोषतो, दुसऱ्याला जरा कमी. निर्जीव रसायनात दोन्ही रेणू साधारण सारखेच असल्याने हिशेब फिटतो. सजीवांत तो फिटत नाही, आणि परावर्तित प्रकाशात किंचित तफावत उरते.

ही तफावत किती? पानाच्या बाबतीत बहुधा एक टक्क्याहूनही कमी. पण ती कुठे शोधायची हे ठाऊक असते. हरितद्रव्य ज्या लाल प्रकाशाला गिळते, त्या ६८० नॅनोमीटरच्या आसपास ती ठळक होते, कारण पेशीत हे रेणू मोठमोठ्या वळणदार रचनांमध्ये रचलेले असतात. ढग किंवा धूळ यांच्यामुळेही थोडे वर्तुळाकार ध्रुवण येऊ शकते, पण हरितद्रव्याच्या त्याच पट्ट्यात तशीच खूण उमटणे ही वेगळी गोष्ट.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या लुकास पॅटी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली हे प्रत्यक्ष करून दाखवले. 'फ्लायपोल' हे त्यांचे उपकरण हेलिकॉप्टरमध्ये बसवले. दोन किलोमीटर उंचीवरून, ताशी ७० किलोमीटर वेगाने जाताना, खालचे गवत, जंगल आणि वस्ती यांतला फरक काही सेकंदांत कळला. तलावातल्या शेवाळाचीही खूण मिळाली. मला यातले हेलिकॉप्टर महत्त्वाचे वाटते. प्रयोगशाळेत पान धरून मोजणे सोपे. थरथरत्या यंत्रातून पळत्या जमिनीवर इतका बारीक फरक पकडणे मात्र कठीणच.

दूरच्या ग्रहांपर्यंतचा पल्ला अर्थात फार लांब आहे. ताऱ्याच्या झगझगाटात ग्रहाचा प्रकाश वेगळा काढायचा, आणि त्यातून शेकड्यात एकाहून कमी असा फरक शोधायचा. म्हणून या गटाचा पुढचा विचार आधी घराकडेच पाहण्याचा: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून पृथ्वी तपासायची.

मुळात रेणूंनी बाजू घेतलीच का? एका कल्पनेनुसार तेही याच प्रकाशाचे काम. १९९८ साली ओरायनमधल्या (म्हणजे मृग नक्षत्रातल्या) तारे जन्मणाऱ्या भागात अवरक्त प्रकाशाचे सतरा टक्क्यांपर्यंत वर्तुळाकार ध्रुवण मोजले गेले. असा अतिनील प्रकाश असेल, तर तो एका हाताचे रेणू जास्त मोडील. १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतल्या काही अमिनो आम्लांत डाव्यांची भरती थोडी अधिक निघाल्याने या कल्पनेला बळ मिळाले होते. मग बेन्नू या लघुग्रहाची माती २०२३ साली पृथ्वीवर आली. सजीव प्रथिनांसाठी वापरतात त्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले तिच्यात आहेत, आणि डावे-उजवे जवळपास सारखेच. ओरायनच्या कल्पनेला हा धक्का आहे. ग्रहांवर सजीवांची खूण शोधणाऱ्यांसाठी मात्र ही बातमी वाईट नाही: निर्जीव रसायन स्वतःहून बाजू घेत नसेल, तर जिथे ती घेतलेली दिसेल तिथे थांबून पाहायला हवे.