उपग्रहाचं 'तापमान' आणि बांधावरचं तापमान

खानदेशाने उपग्रह आधी ढगांच्या चित्रांतून ओळखला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि पुढे बातम्यांबरोबर टीव्हीवर देशाचा ढगाळ नकाशा दिसू लागला. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या किरणांच्या, चित्रात ढगाचा माथा जितका थंड, तितका तो पांढरा. त्यामुळे उंचावरचे विरळ, बर्फकणांचे ढगही ठळक उमटत. चित्रात जळगाव-धुळ्यावर पांढरंशुभ्र आणि वावरात थेंब नाही, असं होई. उपग्रहावरचा अविश्वास तिथूनच रुजला.

मागचा इतिहास थोडा. पहिला हवामान उपग्रह १९६० चा. १९६९ मध्ये निंबस-३ ने हवेच्या थरांचं तापमान अवकाशातून काढून दाखवलं. आपल्याकडे २००२ मध्ये कल्पना-१ आला, आणि थरांचा वेध घेणारं, किरणांच्या १९ पट्ट्यांत मोजणारं उपकरण २०१३ च्या इन्सॅट-३डी वर.

घोळ आहे तो 'तापमान' या शब्दाचा. उपग्रह पारा वाचत नाही; खालून येणारी किरणं मोजतो आणि त्यावरून गणित मांडतो. साधारण १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास कार्बन डायऑक्साइड किरणं शोषतो, म्हणून तिथे हवेचे थर कळतात. ११ मायक्रॉनजवळ हवा बरीचशी पारदर्शक असते. आकाश निरभ्र असेल तर तिथे थेट जमीन दिसते. हवामान केंद्राचा आकडा मात्र जमिनीपासून सव्वा मीटरवरच्या, सावलीतल्या हवेचा. मे महिन्यात नांगरून टाकलेल्या काळ्या रानात भरदुपारी अनवाणी पाऊल ठेवून बघा, दोन्हींतला फरक तळव्याला कळतो. एप्रिल २०२२ मध्ये शेजारच्या गुजरातेत उपग्रहाने ६० अंशांवर आकडे दाखवले. ते जमिनीचे होते, पण ती उष्णतेची लाट म्हणून फिरले. नकाशावर 'भूपृष्ठाचं' हा एक शब्द न छापणं ही साधी चूक नव्हे.

केळीपट्ट्यात या शब्दावर पैसा ठरतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई महसूल मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवरून मिळते. २०१७ पासून राज्यात अशी दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. तरी मंडळात केंद्र एक आणि गावं अनेक. रावेर-यावलकडच्या बागायतदाराला उपग्रहाचा आकडा जवळचा वाटतो तो त्यामुळेच, आणि त्याची तक्रार रास्त आहे. पण उपाय तेवढा सोपा नाही. इन्सॅटच्या औष्णिक चित्रातला एक ठिपका सुमारे ४ किलोमीटरचा. त्यात १,६०० हेक्टर येतात: तापीचं वाळूपात्र, गावाची पत्र्याची छपरं, उघडं रान आणि शेवरीने वेढलेली बाग, सगळ्यांचं मिळून एकच तापमान. पाण्यावरची भरगच्च बाग तर वरून गारच दिसते. तिथे लू वाहून पानं चिरली, घड सटकले, तरी औष्णिक ठिपक्यात त्याचा मागमूस लागेलच असं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इन्सॅट-३डीएस वर गेला. त्याच्याही औष्णिक चित्राचा ठिपका ४ किलोमीटरचाच आहे.